नाट्यसंगीत शिकलेल्या मुलीची अमेरिकेतल्या म्युझिकल थिएटर ऑडिशनसाठी तयारी कशी करून घ्यावी?

अंत्रुजची आई

मुलगी अकरावीत आहे, फोंड्यातच. सात वर्षं नाट्यसंगीत, पट्टी काळी चार, तार पंचमापर्यंत मोकळा आवाज जातो. चार वर्षं कथ्थक. एकांकिका आणि बालनाट्य स्पर्धांतली कामं आहेत. स्टाफ नोटेशन वाचते, पण बोट ठेवून ठेवून. बारावी करता करता अमेरिकेतल्या बीएफए म्युझिकल थिएटरला (गाणं, अभिनय आणि नृत्याची पदवी) अर्ज करायचे आहेत. दहा-बारा कॉलेजं काढून ठेवलीत.

आधी व्हिडिओची चाळणी आणि मग ऑडिशन, एवढं कळलं. पण कुठे सोळा बार (मात्रांचे सारखे गट) म्हणतात, कुठे नव्वद सेकंद. बारावीची परीक्षा नेमकी त्याच दिवसांत. तिचे गुरुजी म्हणतात एक नाट्यपद ठेवाच; पाश्चात्त्य संगीत शिकवणाऱ्या ओळखीच्या एक बाई म्हणतात, मुळीच नको. आणि सगळ्यात मोठी अडचण ही की पेटीवर गाताना सूर पक्का असतो, पियानोचा ट्रॅक लावला की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत हलतो. दोष गळ्याचा की कानाचा?

सोळा बार

ताई, सुराचं उत्तर दुसरं कुणीतरी नीट देईल. मी तारखांचं सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर बेतायचं आहे.

व्हिडिओची पोर्टल्स बारावीच्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरला उघडतात आणि बहुतेक मुदती ऑक्टोबर ते डिसेंबरची सुरुवात यात येतात. मुदत तिकडच्या रात्री ११.५९ ची असते, बऱ्याचदा पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत त्यांची उन्हाळी वेळ चालू असते, तोवर आपण साडेनऊ तास पुढे, नंतर साडेदहा. म्हणजे ऑक्टोबरातली मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ९.२९ ला संपते आणि डिसेंबरातली १०.२९ ला. त्या सकाळच्या भरवशावर राहू नका. दोन दिवस आधी व्हिडिओ चढलेला असू दे.

चाळणीतून निघाली की जानेवारी-फेब्रुवारीत ऑडिशन. काही कॉलेजच्या आवारात, काही न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिसला एकत्र भरतात, त्यांना युनिफाइड्स म्हणतात. गोवा बोर्डाची बारावीची परीक्षा फेब्रुवारीच्या आसपास सुरू होते आणि प्रॅक्टिकल त्याआधी, म्हणजे आठवडाभर अमेरिकेला जाऊन यायला फट जवळजवळ नाहीच. पण बरीच कॉलेजं ऑनलाइन थेट ऑडिशन घेतात. ऑक्टोबरातच ईमेल टाकून विचारा, परीक्षेच्या तारखा कळवा. परदेशातला विद्यार्थी ऑनलाइन आला म्हणून काही बिघडत नाही. वेळ निवडायला दिली तर त्यांची सकाळ घ्या. न्यूयॉर्कचे सकाळचे १० म्हणजे आपल्याकडे रात्रीचे ८.३०. त्यांचे दुपारचे ३ घेतलेत तर मुलगी रात्री दीड वाजता गाणार, आणि सकाळी पेपर.

निकाल साधारण मार्चअखेर आणि कळवायची मुदत सहसा १ मे.

आता कडू भाग. बऱ्याच बीएफए वर्गांत वर्षाला १२ ते २४ जागा असतात आणि अर्ज शेकड्यांनी. तुमच्या दहा-बारा कॉलेजांपैकी दोन-तीन तरी ऑडिशनशिवाय घेणारे बीए कोर्स असू द्या. तिकडच्या सरकारची आर्थिक मदत परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही, जे काही मिळेल ते कॉलेज देईल तेवढंच. ते किती देतात हे एकही गाणं बसवण्याआधी विचारून घ्या. निवड होऊन फी परवडत नाही, हा प्रकार फार वाईट.

नियमांच्या गोंधळाबद्दल. बरीच कॉलेजं एकच सामाईक पत्रक वापरतात. त्यात चार खाती: गाणी, मोनोलॉग (नाटकातलं एकट्याचं भाषण), नृत्य आणि 'वाइल्ड कार्ड' (आपल्या मनाचं काहीही). प्रत्येक खात्यात अ, ब, क असे पर्याय, आणि कॉलेज सांगतं की आम्हाला गाण्यात ब, नृत्यात अ. एक मोठा तक्ता करा. कॉलेज, मुदत, पर्याय, सेकंद, आणि चौकट कुठवर हवी: पूर्ण अंग की कमरेपर्यंत. तक्ता भरला की दिसतं, बारा कॉलेजांना पाच-सहा व्हिडिओंत भागतं. पत्रक दरवर्षी थोडं बदलतं, तेव्हा गेल्या वर्षी कुणी पाठवलेला फोटो नको, चालू वर्षाचंच पान.

गाणी बहुधा दोन मागतात, एकमेकांहून वेगळी. बऱ्याच ठिकाणी एक जुन्या काळातलं हवं (सीमा कुठे १९६५, कुठे १९७०) आणि एक अलीकडचं. साठ ते नव्वद सेकंद.

आणि सोळा बार ही लांबी नाही, हे लक्षात ठेवा. चार मात्रांचा बार, लय मिनिटाला ६० असेल तर सोळा बार म्हणजे ६४ सेकंद. तेच १६० च्या लयीत २४ सेकंद. तीन मात्रांचा बार आणि लय १२०, तरी २४ च. संथ गाण्याचे सोळा बार म्हणजे अख्खी गोष्ट सांगून होते, पळत्या गाण्याचे सोळा म्हणजे तोंड उघडेपर्यंत संपतं. म्हणून पळत्याला ३२ बारचा तुकडा तयार ठेवा आणि त्याच्याच पोटात सोळाचा. आयत्या वेळी "सोळाच गा" म्हणतात. तेव्हा कुठून सुरू करायचं हे तिला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे.

पेटी सोडा

दोष गळ्याचा नाही, कानाचाही नाही. दोष पेटीचा.

साथीची पेटी गाणाऱ्याची चाल जशीच्या तशी वाजवत मागे मागे येते. तिने मींड घेतली, पेटी थांबली. तिने जागा घेतली, पेटीने तीच जागा भरली. तंबोऱ्याचा सा सतत कानात. पियानोच्या ट्रॅकमध्ये यातलं काहीच नाही. डाव्या हातात बास (सगळ्यात खालचा सूर), उजव्यात कॉर्ड (एकत्र दाबलेले तीन-चार सूर), आणि चाल बऱ्याचदा कुठेच नाही. चार मात्रांनी कॉर्ड बदलतो आणि तिचा कान नव्या बासलाच सा समजतो. तिथे सूर घसरतो. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत हलतो म्हणताय ना? पहिल्या ओळीत बहुधा कॉर्ड एकच असतो, म्हणून ती निभते.

औषध घरच्या पेटीवरच आहे. पहिला आठवडा प्रत्येक बारचा फक्त खालचा बास सूर मंद्रात धरा, तिने वर चाल गायची. चाल पेटीवर अजिबात वाजवायची नाही, मोह झाला तरी. दुसरा आठवडा तीन सुरांचा पूर्ण कॉर्ड, पण त्यात सगळ्यात वरचा सूर चालीचा नसेल असा. तिसऱ्या आठवड्यात ट्रॅक. जिथे हलेल तिथे ट्रॅक बंद, परत बासवर या.

उचलीचा सराव वेगळा. ऑडिशनला लांब प्रस्तावना नसते, पियानोवाला एक सूर टोचून देतो आणि तुम्ही सुरू. तिला पेटीची एकच पट्टी दाबून सूर द्या, पाच सेकंद गप्प, मग गायला लावा. दिवसातून दहा वेळा, मध्येच, अभ्यास करताना, जेवायच्या आधी. नंतर एक सूर देण्याऐवजी कॉर्ड द्या आणि त्यातला पंचम मागा.

पुढचा सापळा पट्टी बदलण्याचा. अशा बऱ्याच गाण्यांत शेवटच्या कडव्याला अख्खी पट्टी अर्धा सूर वर चढते, म्हणजे सा च हलतो. आपल्या मुलांचा जुना सा इतका घट्ट असतो की ती जुन्यातच गात राहतात आणि पियानो बेसूर आहे असं त्यांना वाटतं. एकच ओळ काळी एकमध्ये गा, एक मात्रा थांबा, तीच पांढरी दोनमध्ये. मग काळी दोन. तंबोरा बंद ठेवून.

दुसऱ्या आवाजाची सवय लावायला गोव्यात राहून लांब जायला नको. मांडो (कोंकणी गाण्याचा जुना प्रकार) म्हणणारा गट शोधा. तिथे चालीच्या खाली तिसऱ्या सुराच्या अंतराने दुसरा आवाज धावतो. तो खालचा आवाज तिला द्या. वरचा सोपा, तो दिला तर उपयोग नाही. सहा मात्रांचा संथ ठेका असल्यामुळे ऐकायला वेळ मिळतो.

आता आवाज. काळी चारचा तार पंचम म्हणजे त्यांच्या भाषेत डी शार्प ५. मोकळ्या, भरदार आवाजात तिथे जाते ही मोठी पुंजी आहे. अलीकडच्या गाण्यांत मुलींकडून साधारण तेवढीच उंची मागतात. अडचण दोन ठिकाणी. एक, आपल्याकडे तो सूर हनुवटी वर करून आणि मान ताणून घेतात. दिवसातून तीनदा घ्यायला ठीक, तासभराच्या ऑडिशनला नाही. आरशासमोर उभी करा. तार मध्यमाच्या वर मानेच्या बाजूच्या शिरा उठल्या की थांबवा. त्याऐवजी 'ने ने ने' हा चिडक्या पोराचा, किंचित नाकातला आवाज, पाच सुरांवर खालीवर, हळूहळू चढत तार पंचमापर्यंत. दहा मिनिटं, त्याच्या वर नाही.

दुसरी अडचण, जुन्या काळातली मुलींची गाणी त्याच्याही वर जातात, तार धैवत ते पार अतितार षड्ज, आणि तीही हलक्या, गोलाई असलेल्या डोक्याच्या आवाजात. नाट्यसंगीतात हा आवाज फार वापरत नाहीत, म्हणून तो बहुधा कच्चा असणार. 'ऊ' वर वरून खाली घसरत आणा, शिट्टीसारखा. सुरुवातीला हवाच ऐकू येईल, दीड-दोन महिन्यांत सूर धरतो. घाई करून जोर लावलात तर पुन्हा छातीचाच आवाज येईल.

आणखी एक. नाट्यपदात एक शब्द चार आवर्तनं फिरवण्यात कौशल्य, इथे तोच दोष. प्रत्येक ओळ ही नवी गोष्ट, आधीची ओळ बोलून झाली म्हणून सुचलेली. शब्द छापून घ्या, सूर बाजूला ठेवून नुसते बोलायला लावा, ओळ का बदलली ते विचारा. सांगता आलं नाही तर ते गाणं तिचं नाही. मुरकी कुठे शिरते ते रेकॉर्ड करून ऐका. ओळीच्या शेवटच्या सुरावर सापडेल, ग वर थांबायचं असताना रे-सा ला हलकेच उतरून येते. कागदावर तिथे लाल खूण.

आणि हात. उजव्या हाताची बोटं मांडीवर ताल धरतात. तिला ते ठाऊकही नसेल. व्हिडिओत पहिलं तेच दिसतं, आणि त्याच्या जोडीला समेवर पेटीकडे वळलेली मान.

अंत्रुजची आई

पेटीचं वाचून डोळे उघडले. बोटांचं तर शंभर टक्के. दोन शंका राहिल्या. पियानो वाजवणाऱ्याला काय द्यायचं? आणि मोनोलॉगला अमेरिकन उच्चार शिकवावे का?

जुवारीच्या काठी

पियानोचं मी सांगते. गोव्यात पियानो वाचून वाजवणारे मिळणं महाराष्ट्रापेक्षा सोपं, पणजी-मडगावात पियानोच्या परीक्षांना बसलेली कितीतरी मुलं आहेत. पण परीक्षा दिलेला प्रत्येक जण साथ करू शकतोच असं नाही. त्याला एक अनोळखी पान द्या, चुकला तरी न थांबता पुढे जातो का बघा. थांबून दुरुस्त करत असेल तर तो साथीचा नाही.

पान तिच्या पट्टीतलं विकत घ्या. ऑनलाइन विकणाऱ्या दुकानांत खरेदी करतानाच पट्टी बदलून मिळते. "काळी चारमध्ये लावा" असं सांगून चालत नाही. तिची काळी चार म्हणजे सा जी शार्पवर, आणि त्या पट्टीत पान छापलं की आठ शार्प होतात. ते जी किंवा ए फ्लॅटमध्ये घ्या, वाजवणारा दुवा देईल.

तुकडा कापताना पान झेरॉक्स करून, नको तो भाग कापून, उरलेलं नव्या कागदावर सलग चिकटवा आणि पुन्हा झेरॉक्स काढा. 'इथून उडी मारून तिसऱ्या पानावर' असे बाण नकोत. अनोळखी माणूस पहिल्यांदाच बघतोय, बाण चुकतो आणि मुलगी एकीकडे, पियानो दुसरीकडे. चारपेक्षा जास्त पानं नकोत. चकचकीत प्लास्टिकच्या खोळीत घालू नका, वरच्या दिव्याचा उजेड पडून अर्धं पान दिसत नाही. पाठपोट छापून फाईलला लावा. चढउताराच्या खुणा पिवळ्या शाईने, पेन्सिलीने नाही. डाव्या हाताची शेवटची ओळ झेरॉक्समध्ये कापली जाते, ती हमखास तपासा. बास तिथेच असतो.

लय सांगताना चुटक्या वाजवायच्या नाहीत, वाजवणाऱ्याला तो अपमान वाटतो. शेजारी जाऊन, पहिल्या दोन ओळी हव्या त्या लयीत हळू आवाजात गुणगुणायच्या. "सुरुवात इथे, इथे थोडी थांबेन, शेवट इथे" एवढं बोट ठेवून सांगायचं, दहा-पंधरा सेकंदांत. गाताना लय सैल करायची असेल तर श्वास स्पष्ट घ्यायचा. पियानोवाला श्वासावरून ओळखतो. तबलजीला देतात तशी नजर द्यायला वळायचं नाही.

एक आगाऊपणा करते. तियात्रातली (कोंकणी नाटकातली) कांतारां, म्हणजे गाणी, ऐकायला न्या तिला. ट्रम्पेट, बास, ड्रम एवढं वाजत असतं, त्यातलं कुणीही गाणाऱ्याची चाल वाजवत बसत नाही, आणि तरी शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक शब्द कळतो. मराठी घरांतून तियात्राला कमी जातात, पण या कामाला त्याहून जवळची शाळा नाही.

तिसरी घंटा

उच्चारांचं: नक्कल नको. ओढूनताणून केलेला अमेरिकन उच्चार दोन वाक्यांत उघडा पडतो, आणि मुलगी अर्थ सोडून आवाजाकडे बघत बसते. फक्त अर्थ बदलतो तिथे सुधारा. आपला 'व' हा व्ही आणि डब्ल्यू यांच्या मधला. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला लागलेच पाहिजेत, डब्ल्यूला ओठांचा चंबू, दात नाहीत. टी आणि डी आपल्या ट-ड सारखे टाळूवर मागे जातात, जीभ पुढे, दातांच्या मुळाशी आणा. शब्दाच्या सुरुवातीला पी, टी, के नंतर फुंकर. तोंडासमोर कागदाची पट्टी धरली तर ती हलली पाहिजे. एवढं तीन महिने केलं तरी पुरे.

मोनोलॉग छापून आलेल्या नाटकातलाच घ्या. सिनेमातला नको, इंटरनेटवरच्या 'ऑडिशनसाठी मोनोलॉग' अशा संग्रहातला नको, स्वतः लिहिलेला तर नकोच. साठ ते नव्वद सेकंद म्हणजे साधारण १५० शब्द. २०० घेतलेत तर ती पळणार. वय तिच्या आसपासचं. चाळिशीतल्या दुःखी बाईचा मोनोलॉग सतरा वर्षांच्या मुलीने रडत म्हटला की परीक्षक घड्याळ बघतात. समोर कोण आहे आणि त्या माणसाकडून काय हवंय, हे दोन्ही ठरलेलं असलं पाहिजे. मग तोच मजकूर तीन माणसांना म्हणायला लावा: आईला, हरलेल्या मैत्रिणीला, पैसे बुडवणाऱ्या माणसाला. ऑडिशनला "हेच पुन्हा, पण तू त्याच्यावर हसते आहेस असं करून बघ" म्हणतात. तेव्हा बघतात ती बदलते का, चांगलं करते का हे नाही. स्पर्धेसाठी बसवून घेतलेली मुलं इथेच अडकतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य दिग्दर्शकाने ठोकून बसवलेलं असतं.

कॅमेऱ्याला आवाज कमी करायला शिकवा. फोंड्याच्या कला मंदिरच्या शेवटच्या रांगेसाठी तयार केलेला आवाज आणि भुवया दोन मीटरवरच्या फोनसमोर ओरडल्यासारख्या दिसतात. नजर भिंगाच्या किंचित बाजूला किंवा वर, एका ठिकाणी. फोन आडवा, छातीच्या उंचीवर, तिपाईवर. १०८०पी आणि ३० फ्रेम पुरेत. ४के ने फाईल फुगते आणि गावच्या वायफायवर चढता चढत नाही. मागे साधी फिकट भिंत, कपडे भिंतीहून वेगळ्या रंगाचे आणि बारीक रेघांचे नकोत. उजेड समोरून, दोन बाजूंनी. डोक्यावरची ट्यूब एकटी लावली की डोळ्यांखाली खड्डे दिसतात.

आवाजाचं गणित असं. फोन स्वतःहून आवाज वरखाली करतो, जोराचा सूर आला की दाबतो, त्यामुळे तिचा सगळ्यात चांगला सूरच चेपलेला येतो. शक्य तर वेगळा माईक घ्या, एक मीटरवर. ट्रॅकचा स्पीकर तिच्या जवळ नको, फोनच्या मागे आणि हळू. आवाज पियानोच्या वर असला पाहिजे. नंतर प्रतिध्वनी घालणं, सूर सुधारणं, दोन टेक जोडणं, काही नको. पंखा बंद, फ्रिज बंद. पावसात पत्र्याखाली किंवा कौलारू माडीवर करू नका, सर आली की सगळं वाया. सकाळी नऊनंतर पावाची सायकल आणि माशेवाल्याचा भोंगा गेलेला असतो, तो तास चांगला.

आता वाइल्ड कार्ड, म्हणजे तुमच्या दोन गुरूंचं भांडण. दोघांचंही अर्धं बरोबर. गाण्याच्या दोन जागांत नाट्यपद घालू नका, तिथे ते गाणं नियमात बसत नाही म्हणून बाद धरतात. पण वाइल्ड कार्डला, बहुतेक ठिकाणी एक मिनिटाच्या आत, "हे आम्हाला अजून दिसलं नाही" असं काहीही चालतं. तिथे नाट्यपद ठेवा. पेटी, तबला, नऊवारी, काय हवं ते.

पेटी सोडा

नऊवारी नको, माझं मत. साध्या कपड्यांत, बसून नव्हे तर उभी राहून. आणि आलाप कापा. साठ सेकंदांत चाळीस आलापात गेली तर त्यांना नुसता आवाज ऐकू येतो, नाटक दिसत नाही. सरळ मुखड्यावर या, एक अंतऱ्याची ओळ, एकच छोटी तान, शेवट समेवर. आधी एका वाक्यात इंग्रजीत सांगा की हे मराठी संगीत नाटकातलं पद आहे आणि पात्र कुणाला काय म्हणतंय.

तिसरी घंटा

कपड्यांचं मान्य. उभी राहून हेही.

जुवारीच्या काठी

नृत्याचं कुणी लिहिलंच नाही. थोडक्यात लिहिते, पण एवढं पुरत नाही हे मला ठाऊक आहे. कथ्थकने पाय आणि लय दिली, पण गुडघे आणि धड वेगळं मागतात. सतरा-अठराव्या वर्षी बॅले नव्याने पक्का होत नाही. प्लिए, टाँड्यू, शासे, पा द बुरे या बॅलेच्या प्राथमिक हालचाली आणि दोन्ही बाजूंना एक स्वच्छ गिरकी एवढं आठवड्याला दोन तासांनी वर्षभरात होतं. तेवढंच दाखवा. येत नसलेली दुहेरी गिरकी व्हिडिओत घालणं हा सगळ्यात सामान्य गाढवपणा. मोजणी आठची: तीनतालाच्या सोळा मात्रा म्हणजे त्यांचे दोन आठ, पण वाक्य आपल्यासारखं समेवर, म्हणजे पहिल्यावर, संपत नाही, आठव्यावर संपतं. नृत्य व्हिडिओत डोक्यापासून पायापर्यंत सगळं चौकटीत, उडी मारल्यावरही. नाचाचा बसवलेला तुकडा आरशाकडे पाठ करूनच शिकवा, कारण तिथे अर्ध्या-पाऊण तासात शिकवतात आणि आरसा असेलच असं नाही. घुंगरू बांधून सराव अजिबात नको. घुंगरांच्या नादाने लागलेली पाय आपटायची सवय मोडायला वेळ लागतो.

अंत्रुजची आई

एक शेवटचं. आमच्याकडे चवथ (गणपती) पाच दिवसांची, घरात घुमट या मातीच्या वाद्यावरच्या आरत्या, आणि त्यानंतर नवरात्रात देवळात मखरोत्सव. रेकॉर्डिंग ऑक्टोबरात धरलं तर गळा कुठल्या अवस्थेत असेल?

पेटी सोडा

बसलेला. घुमट आणि झांजांच्या वर आवाज काढायचा म्हणजे तीन तास ओरडणंच, वर रात्रीचं जागरण आणि तळलेल्या नेवऱ्या. दोन रस्ते. पहिला, रेकॉर्डिंग चवथीच्या निदान दहा दिवस आधी उरका. कॉलेजांची पत्रकं ऑगस्टमध्ये आलेली असली तर हे शक्य असतं. गणपती सप्टेंबरात आले तर आरामात. दुसरा, तिच्या हातात झांज द्या, आरती तोंडाने नाही. आरती म्हणायचीच असेल तर मंद्रात, घुमटाच्या शेजारी न बसता दाराजवळ.

आवाज बसलाच तर कुजबुजू नका, कुजबुजण्याने तो जास्त ताणतो. वाफ, पाणी, झोप. दोन-तीन आठवड्यांत नीट मोकळा झाला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. 'ने ने ने' तोवर बंद. बास धरून सूर ओळखणं आणि शब्द नुसते बोलणं, हे दोन्ही त्या दिवसांत चालू ठेवता येतं.

सोळा बार

मखरोत्सवाच्या नऊ दिवसांत मग व्हिडिओ चढवण्याचं काम करा. फाईलची नावं कॉलेजने सांगितलेल्या पद्धतीनेच द्या. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये कॅमेऱ्याचं स्वरूप 'मोस्ट कंपॅटिबल' ठेवा, नाहीतर काही पोर्टल फाईल घेतच नाहीत. आणि चढवून झाल्यावर एकदा दुसऱ्या फोनवरून उघडून, शेवटपर्यंत ऐकून बघा.

अंत्रुजची आई

तक्ता आज रात्रीच काढायला घेते. पेटीचा बास उद्यापासून. गुरुजींना काय सांगायचं ते बघते.

पेटी सोडा

गुरुजींनाच बास धरायला बसवा. त्यांना चाल न वाजवता बसणं तिच्यापेक्षा जड जाईल.